कॅमेऱ्याचा डोळा आणि देवाची दृष्टी

(वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती १६; स्तोत्र १३९; लूक २२:५४–६२)



शब्बाथ शाळेतील मुले कधी कधी असा प्रश्न विचारतात, की शिक्षकाने आठवडाभर केलेली पाठाची तयारी क्षणात बाजूला पडते. गोव्याच्या पेडणे तालुक्यात, तुये येथील कारखान्यांत व मोपा विमानतळाच्या कामावर आलेली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी एकाच्या घरी आमचा रविवारचा वर्ग भरत असे. २०२२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात तेथे यहोशवाच्या पुस्तकातील आखानाचा पाठ चालला होता. आखानाने लुटीतील वस्तू आपल्या तंबूत पुरून ठेवल्या, कोणी पाहिले नाही असे त्याला वाटले, परंतु परमेश्वराने पाहिले, असे आम्ही नेहमीच्या पद्धतीने सांगत होतो. इतक्यात मागे बसलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाने हात वर केला आणि विचारले, "सर, म्हणजे देवाकडे व्हीएआर आहे का?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण प्रश्न विचारणारा मुलगा हसला नाही, आणि घरी परतताना आमचेही हसू मावळले. ते का मावळले, हे या लेखात पुढे येईलच. आधी तो प्रश्न कोठून आला, ते सांगितले पाहिजे.

त्याच्या आदल्या महिन्यात, म्हणजे ११ ते ३० ऑक्टोबर २०२२ या काळात, सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा आपल्या देशात झाली. भुवनेश्वर, नवी मुंबई आणि गोव्यातील मडगावजवळचे फातोर्डा अशा तीन ठिकाणी सामने होते. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने २६ ऑक्टोबरला फातोर्ड्याच्या मैदानावर झाले. दिवाळीचे दिवस असल्यामुळे आमच्या वर्गातील काही मुले आपल्या वडीलमंडळींबरोबर पेडण्याहून कोकण रेल्वेने मडगावला गेली. कोलंबिया व नायजेरिया यांचा सामना गोलाविना बरोबरीत सुटला व कोलंबियाच्या मुलींनी तो पेनल्टीवर ६–५ असा जिंकला. परत आल्यावर मुले दुसरे काही बोलेनात. परंतु गोलांच्या खालोखाल त्यांच्या तोंडी एकच शब्द होता, व्हीएआर. या स्पर्धेत ही व्यवस्था भारतात प्रथमच वापरली गेली होती.

व्हीएआर म्हणजे पडद्यावर चित्रे पाहून मैदानातील पंचाला साहाय्य करणारे पंच. मैदानाभोवती अनेक कॅमेरे असतात. त्यांची चित्रे एका खोलीत पडद्यांवर एकाच वेळी दिसतात. तेथे बसलेले पंच तीच घटना निरनिराळ्या बाजूंनी, हवी तितकी सावकाश, पुन्हा पुन्हा पाहू शकतात, आणि मैदानातील पंचाच्या कानातील यंत्रातून त्याला सांगतात, की येथे काही चुकले असावे. मग पंच दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत एक चौकट काढतो, मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्याकडे जातो, स्वतः पाहतो आणि निर्णय देतो. वाटेल त्या गोष्टीसाठी ही तपासणी होत नाही. गोल, पेनल्टी, सरळ दाखवलेले लाल कार्ड आणि एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्यालाच होणे, या चार बाबींपुरतीच ती त्या स्पर्धेच्या वेळी होती. आणि शेवटचा शब्द यंत्राचा नसतो, मैदानातील पंचाचाच असतो. फुटबॉलच्या नियमांत ही गोष्ट २०१८ साली दाखल झाली व त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात जगाने ती पाहिली.

आता कोणी म्हणेल, खेळातील यंत्राशी मंडळीचा काय संबंध? आमचे म्हणणे असे, की संबंध फार जवळचा आहे. ज्या पिढीला आपण देवाचे वचन शिकवतो, ती पिढी कॅमेऱ्याच्या डोळ्याखाली वाढत आहे. दुकानात कॅमेरा, परीक्षेच्या खोलीत कॅमेरा, रस्त्याच्या नाक्यावर कॅमेरा आणि प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. अशा मुलांना आपण जेव्हा 'देव पाहतो' असे सांगतो, तेव्हा त्यांच्या मनात कोणते चित्र उभे राहते, याचा विचार शिक्षकाने करावयास नको काय?

प्रथम यंत्राचा न्याय यंत्राला देऊ. आपल्या मंडळ्यांतून नवीन शोधांची निंदा करण्याची एक जुनी सवय आहे. ती आम्हांस मान्य नाही. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको येथे अर्जेंटिना व इंग्लंड यांच्या सामन्यात डिएगो माराडोना याने हाताने चेंडू गोलात ढकलला. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांना तो हात दिसला नाही. रेषेवरच्या पंचानेही खूण केली नाही. गोल ग्राह्य धरला गेला. जगातील कोट्यवधी लोकांनी दूरचित्रवाणीवर जे पाहिले, ते ज्याने पाहावयास हवे होते त्यालाच पाहता आले नाही. २७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेत इंग्लंडच्या फ्रँक लँपार्डने मारलेला चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगलाच आत पडून बाहेर आला, तरी गोल मिळाला नाही. त्यानंतर चेंडूने रेषा ओलांडली की नाही हे पंचाच्या मनगटावरील घड्याळात कळवणारे यंत्र २०१४ च्या विश्वचषकात आले. २०२२ साली कतारच्या विश्वचषकात तर मैदानाच्या छपराखाली बसवलेले बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू एका सेकंदात ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूच्या आत बसवलेले यंत्र सेकंदाला ५०० वेळा चेंडूची माहिती कळवीत होते.

हे सर्व कशासाठी? कष्ट केलेल्या माणसाचे श्रम दुसऱ्याच्या चुकीने वा लबाडीने वाया जाऊ नयेत म्हणून. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांचे शिक्षण आपल्याला ठाऊक आहे. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवू नये, दोन किंवा तीन साक्षी असाव्यात, असे अनुवादाच्या १९ व्या अध्यायात सांगितले आहे. कॅमेरा हा एक जास्तीचा साक्षीदार आहे. तो लाच घेत नाही, घाबरत नाही, यजमान संघाच्या प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी गांगरत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने असा साक्षीदार उभा राहत असेल, तर ख्रिस्ती माणसाने त्याबद्दल आभारच मानले पाहिजेत.

परंतु साक्षीदार म्हणजे न्यायाधीश नव्हे, आणि न्यायाधीश म्हणजे तारणारा तर मुळीच नव्हे. यंत्राची मर्यादा दाखवणारे एक जुने उदाहरण आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर पोहण्याच्या एका शर्यतीत स्वीडनचा गुनार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत अगदी सारखी आली. तेव्हा यंत्रातील सहस्रांश पाहिले गेले व लार्सनला दोन सहस्रांश सेकंदाने सुवर्णपदक मिळाले. त्या वेगाने दोन सहस्रांश सेकंदात पोहणारा फार तर तीन मिलिमीटर पुढे जातो. नंतर जाणत्यांच्या लक्षात आले, की पोहण्याच्या तलावाच्या सगळ्या रांगा एवढ्या बिनचूक सारख्या लांबीच्या बांधणेच माणसाला शक्य नाही! म्हणून पुढे नियम बदलून शतांशावरच थांबावे असे ठरले. घड्याळ खोटे नव्हते, पण ज्या तलावावर ते लावले होते तो माणसाच्या हातचा होता. आपण कितीही बारीक मोजले तरी मोजणाऱ्याच्या पायाखालची जमीन माणसाचीच असते, ही नम्रता आपण विसरू नये.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. जे यंत्र लबाडी पकडते, तेच लबाडी शिकवूही शकते. २०२५ सालच्या नोव्हेंबरात पेडण्याच्या शेजारच्याच बार्देश तालुक्यात, हडफडे येथे, बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा झाली. जगभरातून दोनशेहून अधिक खेळाडू आले होते, आपल्या नागपूरची दिव्या देशमुखही त्यांत होती, आणि शेवटी उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव हा तरुण विजयी झाला. बुद्धिबळात आज संगणक श्रेष्ठातल्या श्रेष्ठ माणसाला सहज हरवतो. त्यामुळे तेथे चिंता उलटी असते. खेळाडूने मोबाइल जवळ बाळगून एखादी खेळी विचारू नये, म्हणून अशा स्पर्धांत त्याची तपासणी होते, आणि असे यंत्र जवळ सापडले तर डाव गेला असे समजतात. फातोर्ड्याला यंत्र साक्षीदार होते, हडफड्याला त्याच यंत्रावर पहारा होता. म्हणजे यंत्र पापीही नाही आणि पुण्यवानही नाही. प्रश्न पुन्हा माणसाच्या अंतःकरणापाशीच येतो.

येथे आमच्या विषयाचा गाभा आहे. पकडले जाण्याच्या भीतीने जो नियम पाळतो, तो प्रामाणिक आहे काय?

यावर फेब्रुवारी १९८० मधील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत व इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना चालू होता. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. कपिल देवच्या एका चेंडूवर बॉब टेलर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन बाद झाला, असा निर्णय पंचांनी दिला. टेलर आपल्या बॅटला चेंडू लागला नाही म्हणून घुटमळला. भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये उभे होते. चेंडू बॅटला लागलेला नाही, याची त्यांना खात्री होती. ते पंचांकडे गेले आणि टेलरला परत बोलावून घेतले. टेलर व इयान बोथम यांची भागीदारी शेवटी १७१ धावांची झाली आणि भारत तो सामना दहा गड्यांनी हरला.

त्या वेळी पंचाला साहाय्य करणारा पडदा नव्हता. कोणीही विश्वनाथांना दोष दिला नसता, कारण निर्णय पंचांचा होता. तरीही त्यांनी आपल्या तोट्याचे सत्य बोलून दाखवले. आज त्याच प्रसंगी यंत्र टेलरला नाबाद ठरवील. निकाल तोच लागेल. पण विश्वनाथांना बोलण्याची गरज उरणार नाही. अन्याय टळला हे चांगले झाले, परंतु त्याबरोबर एका माणसाला खरे बोलण्याची जी संधी होती, तीही गेली. आता कर्णधार मनात म्हणेल, 'मशीन बघून घेईल.' वाचकहो, 'मशीन बघून घेईल' या तीन-तीन अक्षरी शब्दांत आपल्या काळाचे एक मोठे संकट आहे, असे आम्हांस वाटते.

आता आमच्या हसण्याचे कारण. ते सांगताना संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

फातोर्ड्याच्या सामन्यानंतर मुलांचा उत्साह पाहून, भात कापून झालेल्या एका शेतात, आमच्या वर्गाची मुले आणि डिचोलीच्या प्रार्थना-गटातील मुले यांचा एका शनिवारी सामना ठेवला होता. दोन्ही टोकांना बांबू रोवून गोल केले होते. बक्षीस म्हणून स्टीलचा एक लहानसा कप व मिठाईचा डबा होता. शिट्टी आमच्याकडे होती. एक-एक अशी बरोबरी होती आणि वेळ संपत आली होती. उंच आलेला चेंडू आमच्या एका मुलाने कोपराखालच्या हाताने आत ढकलला. आम्ही दहा पावलांवर होतो. आम्ही ते स्वच्छ पाहिले. डिचोलीची मुले "हात, हात!" म्हणून ओरडली. त्यांच्या गोलरक्षकाने हवेत बोटांनी चौकट काढली. आमच्यापैकी कोणी तरी म्हणाले, "इथं कुठं कॅमेरा आहे?" सगळे हसले. आम्ही शिट्टी वाजवून गोल दिला.

का दिला? पुढे दोन दिवस आम्ही स्वतःला सांगत होतो, की मध्ये दुसरा मुलगा आल्याने नीट दिसले नाही, खेळातील क्षुल्लक गोष्ट आहे, मुले खूश झाली, डिचोलीकरांना मिठाई तर मिळालीच. हे सर्व खोटे होते. आमच्या वर्गाने जिंकावे असे आम्हांस वाटत होते, एवढेच खरे होते.

आणि त्याच आठवड्याच्या रविवारी आम्ही त्याच मुलांपुढे आखानाचा पाठ घेत होतो. ज्याने प्रश्न विचारला, तो हाताने गोल करणारा मुलगाच होता. त्याला देवाविषयी जितके विचारावयाचे होते, त्याहून अधिक आमच्याविषयी विचारावयाचे होते. आम्ही पाहिले होते हे त्याला ठाऊक होते.

त्या रात्री त्या प्रश्नाने आम्हांस झोप लागू दिली नाही. इतकी वर्षे आम्ही मुलांना 'देव सर्व पाहतो' हे कसे शिकवले, याची उजळणी मनात होऊ लागली. खिडकीतून कोणी पाहत नसले तरी वरून देव पाहतो, अंधारातही पाहतो, त्याच्या वहीत लिहून ठेवतो. खरे सांगावयाचे तर आम्ही देवाचे वर्णन एका मोठ्या कॅमेऱ्यासारखेच करीत आलो होतो. मग मुलाने व्हीएआर म्हटले तर त्याचा काय दोष? आम्ही जे शिकवले, त्यालाच त्याने आजचे नाव दिले.

परंतु पवित्र शास्त्रातील देव असा पाहतो काय? तीन गोष्टी आमच्या ध्यानात आल्या, त्या वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. कॅमेरा कृती पाहतो, देव अंतःकरण पाहतो. इशायाच्या मुलांपैकी राजा निवडताना शमुवेलाला हेच शिकावे लागले. हात चेंडूला लागला हे पडदा दाखवील, पण तो हात घाबरून वर गेला की लबाडीने गेला, हे पडदा दाखवू शकत नाही. आणि जो पंच पाहूनही न पाहिल्यासारखे करतो, त्याच्या मनाचे चित्र जगातील कोणताही कॅमेरा घेऊ शकत नाही. त्या शेतात शेकडो कॅमेरे असते तरी त्यांनी मुलाचा हात दाखवला असता, आमचे मन नव्हे.

दुसरी गोष्ट. कॅमेरा चूक शोधण्यासाठी पाहतो, देव माणसाला शोधण्यासाठी पाहतो. हागार ही मालकिणीच्या छळाने रानात पळून गेलेली एक गरोदर दासी. झऱ्यापाशी परमेश्वराच्या दूताने तिला गाठले, तेव्हा तिने देवाला जे नाव दिले त्याचा अर्थ 'मला पाहणारा देव' असा आहे. देव पाहतो ही तिला धमकी वाटली नाही. जिच्याकडे कोणीही पाहत नव्हते, तिला कोणी तरी पाहिले, हा तिचा आधार झाला. जक्कय झाडावर चढून बसला होता. प्रभूने वर पाहिले, पण त्याच्या जकातीच्या हिशेबाची तपासणी न करता त्याच्या घरी उतरण्याचे ठरवले. हिशेब मग जक्कयानेच आपण होऊन काढला.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. यंत्राच्या न्यायाला कबुलीची गरज नसते. खेळाडू हो म्हणो वा नाही म्हणो, चित्र बोलते. परंतु एदेन बागेत आदाम झाडांमागे लपला, तेव्हा देवाने काय केले? तू कोठे आहेस, असे त्याने विचारले. देवाला ठाऊक नव्हते काय? ठाऊक असूनही त्याने विचारले. पुढे काइनालाही त्याचा भाऊ कोठे आहे हे विचारले. ज्याला सर्व दिसते त्याने विचारावे, याचा अर्थ एवढाच, की त्याला नुसता दोष सिद्ध करावयाचा नाही, माणूस परत हवा आहे. कबुली ही देवासाठी नाही, ती आपल्यासाठी आहे. ती दिल्यावाचून आपण झाडांमागून बाहेर येत नाही.

कोणी विचारील, मग भीती मुळीच नको काय? कॅमेरा नसेल तर सगळेच हाताने गोल करतील! हा आक्षेप खोटा नाही. पौलाने गलतीकरांस पत्र लिहिताना नियमशास्त्राला लहान मुलाला सांभाळणाऱ्या रक्षकाची उपमा दिली आहे. मूल लहान असताना असा रक्षक हवाच. कॅमेरा हा तशाच जातीचा रक्षक आहे. पण ज्याला पन्नासाव्या वर्षीही रक्षकाने हात धरूनच रस्ता ओलांडावा लागतो, त्याला आपण मोठा झालेला म्हणत नाही. नियमाने पापाची ओळख होते, परंतु त्याने अंतःकरण नवे होत नाही, हे रोमकरांस पत्राचे शिक्षण येथे तंतोतंत लागू पडते. पहारा कितीही वाढवला तरी तो माणसाला सत्यवादी करू शकत नाही. तो फक्त लबाडी महाग करतो.

मग माणूस बदलतो कशाने? महायाजकाच्या अंगणात पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले. कोंबडा आरवला. त्या क्षणी प्रभूने मान वळवून पेत्राकडे पाहिले, एवढेच लूक सांगतो. प्रभू काही बोलला नाही. कोणासमोर पुरावा मांडला नाही. पेत्र बाहेर गेला व फार रडला. ज्याच्यावर आपण प्रेम केले आणि ज्याने आपल्यावर त्याहून अधिक प्रेम केले, त्याची ती दृष्टी होती. पकडले गेल्याचे दुःख वेगळे आणि त्या दृष्टीपुढे उभे राहण्याचे दुःख वेगळे. पहिले माणसाला अधिक सावध करते, दुसरे त्याला नवा करते.

पुढच्या रविवारी आम्ही पाठ उघडण्यापूर्वी वर्गाला सांगितले, की त्या शनिवारी आम्ही हात पाहिला होता व तरी गोल दिला. मुलाचे नाव घेतले नाही. वर्गात कोणी हसले नाही. थोड्या वेळाने तोच मुलगा म्हणाला, "मला माहीत होतं, सर. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात."

वाचकहो, हे वाक्य आम्ही अद्याप विसरलो नाही. प्रभूने पेत्राकडे पाहिले आणि पेत्र पश्चात्तापाला आला. आम्ही त्या मुलाकडे पाहिले आणि आमच्या पाहण्याने तो लबाडीत आमचा भागीदार झाला. मोठ्या माणसाचे पाहणे ही किती जोखमीची गोष्ट आहे! मूल देवाची दृष्टी प्रथम आपल्या डोळ्यांतून ओळखते. आई-वडील, शिक्षक, पाळक जे पाहून गप्प बसतात, ते देवालाही चालत असावे असे मूल समजते.

त्या आठवड्यात आम्ही कप घेऊन, म्हापशाला बस बदलून, डिचोलीला गेलो. तो मुलगा बरोबर येतो म्हणाला, म्हणून त्याला नेले. त्यांच्या गोलरक्षकाने कप घेतला आणि काही बोलला नाही. आम्हांस वाटले होते तसा आनंदाचा प्रसंग काही झाला नाही. इकडे आमच्या एका पालकांनी नाराजी दाखवली. "खेळच तो. मुलांसमोर एवढं कशाला करायचं?" असे ते म्हणाले. त्यांना पटेल असे उत्तर आम्हांस देता आले नाही. परंतु बसमधून परतताना तो मुलगा मोकळेपणाने बडबडत होता. आठवडाभर तो तसा बोलला नव्हता, हे त्याच्या आईने नंतर सांगितले.

रविवारच्या शिक्षकबंधुभगिनींना आमची दोन-तीन नम्र सूचना करण्याची इच्छा आहे. 'देव पाहतो' हा पाठ घेताना आखानाच्या जोडीला हागार व जक्कय यांनाही वर्गात आणावे. मुलाने चूक केली हे आपल्याला ठाऊक असले, तरी पुरावा पुढे करण्याआधी त्याला विचारावे, आणि खरे सांगण्यासाठी थोडा वेळ द्यावा. देवाने आदामाला तेवढा वेळ दिला होता. आणि आपली स्वतःची चूक झाली, तर ती मुलांसमोर मान्य करण्यास कचरू नये. २०२३ सालच्या महिलांच्या विश्वचषकात पडदा पाहून आलेले पंच आपला निर्णय ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असा सांगत होते. पहिला निर्णय चुकला होता, हे हजारो लोकांपुढे सांगितल्याने पंचाचा मान कमी होत नाही. मग दहा मुलांपुढे आपला का व्हावा?

कॅमेरे वाढत जातील. पेडणे आणि डिचोलीच्या शेतांतही उद्या ते येतील. येऊ द्यावेत. ज्याच्यावर अन्याय होतो त्याला त्यांचा उपयोग होवो. परंतु १३९ व्या स्तोत्राचा कर्ता आधी देवाच्या दृष्टीपासून कोठे पळू असे म्हणतो आणि शेवटी आपण होऊन देवाला विनवतो, की मला पारखून पाहा. पळणारा माणूस स्वतः दार उघडून उभा राहतो. जगातील कोणत्याही यंत्रापुढे कोणी अशी प्रार्थना केलेली आम्ही ऐकली नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याला दिले, ते असे : नाही बाळा, देवाकडे व्हीएआर नाही. त्याला त्याची गरज नाही. तो आपल्याला पकडण्यासाठी पाहत नाही, आपण त्याच्याकडे पाहावे म्हणून तो वाट पाहतो.

प्रभू आपणां सर्वांस त्या दृष्टीपुढे मोकळेपणाने उभे राहण्याचे धैर्य देवो.